निळी टिक खरी, म्हणून फॉलोअर्सही खरे?

‘निळी टिक आहे ना, मग फॉलोअर्स खरेच असणार’ हा समज इन्स्टाग्रामवर वर्षानुवर्षे फिरतोय. साडीच्या दुकानदारापासून हॉटेलवाल्यापर्यंत अनेकजण त्याच भरवशावर अशा खातेदारांना जाहिरातीचे पैसे मोजतात. पण टिकचा फॉलोअर्सशी काडीचाही संबंध नाही. खातं त्याच माणसाचं आहे, एवढंच ती सांगते. पूर्वी ती नामांकितांनाच मिळायची; 2023 पासून भारतात सरकारी ओळखपत्र दाखवून आणि दरमहा पैसे भरून कुणालाही घेता येते.

फॉलोअर्स तर घाऊक विकत मिळतात. 2020 मध्ये मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने याच धंद्याचा तपास केला होता. त्याआधी डिसेंबर 2014 मध्ये इन्स्टाग्रामने बनावट खाती उडवली, तेव्हा गायक जस्टिन बीबरचे सुमारे 35 लाख फॉलोअर्स गेले. त्यावरून त्याने ते विकत घेतले होते असं लगेच म्हणू नका. बॉट खाती, म्हणजे माणसाऐवजी सॉफ्टवेअर चालवतं ती खाती, आपण खरे दिसावे म्हणून मोठ्या नावांना आपणहून फॉलो करतात.

मग बघायचं काय? कमेंट्स उघडा. मिसळीच्या रीलखाली नुसते आगीचे इमोजी आणि ‘नाइस पिक डिअर’ची रांग असेल, तर कुठेतरी पाणी मुरतंय. खरी माणसं ‘पार्किंग आहे का?’ विचारतात, नाहीतर ‘कट आमच्या कोल्हापूरचाच’ म्हणून भांडतात. अर्थात कमेंट्सही विकत मिळतात. म्हणून प्रेक्षक कोणत्या शहरांतले, हे इन्साइट्समध्ये, म्हणजे खातेदाराला इन्स्टाग्रामवर दिसणाऱ्या आकडेवारीत बघा. स्क्रीनशॉटवर भागवू नका, तो सहज बदलता येतो. खातेदाराला समोर बसून फोनवरच उघडून दाखवायला सांगा.