शाँपेरीची उतारवाट

शाँपेरीची उतारवाट : स्वित्झर्लंडच्या व्हॅले कँटनमधील (प्रांतातील) इल्ये खोऱ्यात, शाँपेरी गावालगत असलेली माउंटन बाइकची शर्यतवाट. गाव सुमारे १,०५० मी. उंचीवर असून समोर दाँ द्यू मिदी (३,२५७ मी.) ही शिखररांग आहे. पोर्त द्यू सोलेय या फ्रेंच-स्विस सीमेवरील स्कीक्षेत्रात ते मोडते. हिवाळ्यात स्कीवाल्यांना वर नेणारे या क्षेत्रातील अनेक रज्जुमार्ग उन्हाळ्यात सायकलीही नेतात.

केवळ उताराच्या शर्यतीचा उगम वादग्रस्त आहे. पॅरिसच्या उपनगरांतील काही तरुण १९५१-५६ च्या सुमारास फेरफार केलेल्या सायकली रानवाटांवर पळवत. इंग्लंडमध्ये आडवाटांवरच्या स्वारांची संघटना १९५५ मध्ये निघाली. कालक्रमाने फ्रेंच दावा पुढे आहे खरा, पण त्या मंडळींची परंपरा पुढे चालल्याचे दिसत नाही. त्यामुळे कॅलिफोर्नियातील फेअरफॅक्स गावाजवळ २१ ऑक्टोबर १९७६ रोजी सुरू झालेली ‘रिपॅक’ शर्यत हाच आरंभ धरणे अधिक सयुक्तिक वाटते. तेथे सुमारे ३ कि.मी.त ४०० मी. उतरावे लागे. पेडल उलटे दाबून लावायच्या ब्रेकमधील ग्रीस तापून जळून जाई व ते पुन्हा भरावे लागे; शर्यतीचे नाव त्यावरूनच पडले.

वाटेची अवघडता सांगण्यासाठी आल्प्समध्ये जर्मन स्वारांनी बनवलेली एस-० ते एस-५ ही श्रेणी रूढ आहे. तीत एस-१ चा उतार ४० टक्क्यांपर्यंत, एस-२ चा ७० टक्क्यांपर्यंत, तर एस-३ पासून त्याहून तीव्र धरतात. येथे टक्के (दर १०० मी. आडव्या अंतरामागे किती मी. उतरण) व अंश यांची गल्लत नेहमी होते : ७० टक्के म्हणजे सुमारे ३५ अंश, आणि १०० टक्के म्हणजे ४५ अंश; उभा कडा नव्हे. एस-४ पासून अरुंद वळणे चाके फिरती ठेवून साधेनाशी होतात. स्वार पुढचा ब्रेक धरून भार हँडलवर घेतो, मागचे चाक जमिनीपासून उचलतो आणि कमरेच्या झोकाने ते हवेतच वळणाबाहेर टाकतो. ब्रेक झटक्यात दाबला, तर स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. ओल्या मुळांवर ब्रेक लावत नाहीत. ती शक्यतो काटकोनात ओलांडतात, कारण तिरके गेलेले चाक मुळाच्या कडेने घसरत जाते.

ही श्रेणी वाटेच्या कायम गुणांची आहे, त्या दिवशीच्या हवेची नाही. शाँपेरीत हा फरक विशेष जाणवतो. तेथे २०११ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत पावसाने वाटेचा चिखल झाला होता. त्या चिखलातून १९ वर्षांच्या डॅनी हार्ट या ब्रिटिश स्वाराने दुसऱ्या क्रमांकापेक्षा ११ सेकंदांहून अधिक फरकाने विजेतेपद मिळवले. ज्या खेळात सेकंदाच्या अंशाने निकाल लागतो, तेथे हे अंतर अपवादात्मकच म्हटले पाहिजे. महिलांमध्ये फ्रान्सची एमेलिन रागो विजयी झाली. २०२५ मध्ये व्हॅलेत भरलेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतील उतार-शर्यतीही शाँपेरीलाच झाल्या.