आखूड बोटांचा हिशेब

आखूड बोटांचं जनुक प्रभावी आहे, म्हणजे एकच प्रत आली तरी गुण दिसतो म्हणता, मग काही पिढ्यांत चारातली तीन माणसं आखूड बोटांची का होत नाहीत? १९०८ साली लंडनमधल्या एका चर्चेत आनुवंशिकीतज्ज्ञ रेजिनाल्ड पनेट यांच्यापुढे हा पेच आला. त्यांना उत्तर सुचेना. केंब्रिजला परतल्यावर त्यांनी तो क्रिकेटमधल्या आपल्या दोस्तापुढे ठेवला. दोस्त म्हणजे गणिती जी. एच. हार्डी, पुढे रामानुजनना बोलावून घेणारे तेच. हार्डींना तर हा पाढ्यांचा हिशेब वाटला. श्टुटगार्टचे डॉक्टर विल्हेल्म वाइनबर्ग यांनी तो त्याच वर्षी, थोडा आधीच मांडला होता. पण त्यांच्याकडे बराच काळ कुणाचं लक्षच गेलं नाही.

आपण सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचं उदाहरण घेऊ. तो होतो दोन्ही प्रती सिकलच्या आल्या तर. १०० माणसांत त्या जनुकाच्या २०० प्रती. समजा त्यातल्या २० सिकलच्या, म्हणजे दहात एक. मुलाला आईकडून एक प्रत, बापाकडून एक. दोन्ही सिकल येण्याची शक्यता दहात एक गुणिले दहात एक, म्हणजे शंभरात १. एकच सिकल असलेले वाहक १८, निरोगी ८१. आता पुढच्या पिढीतल्या सिकल प्रती मोजा: वाहकांच्या १८, रुग्णाच्या २. झाल्या पुन्हा २०! प्रभावी जनुक दुसऱ्याला झाकतं, संपवत नाही.

अर्थात यासाठी लोकसंख्या मोठी हवी. स्थलांतर, उत्परिवर्तन, निवड काही नको. प्रत्यक्षात मलेरियाच्या मुलखात वाहकांना थोडं संरक्षण मिळतं, म्हणून रुग्ण दगावूनही हे जनुक टिकतं. गडचिरोली, नंदुरबारला ते आजही आढळतं.

पण आपल्याकडे खरी गोची वेगळीच. लग्नं कशीही जुळावीत, अशीही या हिशेबाच्या सूत्राची अट आहे. आपण तर जात-पोटजात पाहिल्याशिवाय सोयरीकच करत नाही!

समजा, दोन पाड्यांतली शंभर-शंभर माणसं तपासली. एका पाड्यात सिकलच्या प्रती पाचात एक, दुसऱ्यात शून्य. पहिल्यात ३२ वाहक, ४ रुग्ण. दुसऱ्यात कुणीच नाही. दोन्ही पाडे एकत्र धरले तर प्रमाण तेच, दहात एक. मग सूत्राप्रमाणे दोनशेत ३६ वाहक आणि २ रुग्ण हवेत. रजिस्टरमध्ये मात्र वाहक ३२, रुग्ण ४. तपासणी चोख, सूत्रही बरोबर. फक्त या दोन पाड्यांत सोयरीक होत नाही.