बशीत उरलेली स्प्रिंग

१९६१ साली जपानमधल्या यामादा इलेक्ट्रिक या कारखान्यात एक साधा स्विच बनत होता. दोन बटणं आणि प्रत्येक बटणाखाली एक बारीक स्प्रिंग, एवढंच काम. तरीही अधूनमधून एखादी स्प्रिंग बसवायची राहून जायची, स्विच गिऱ्हाइकाकडे पोचायचा आणि तिथून तक्रार यायची. मग कामगारांना ताकीद. चार दिवस सगळं सुरळीत, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

शिगेओ शिंगो या अभियंत्यांनी हे पाहिलं आणि टेबलावर एक छोटी बशी ठेवली. खोक्यातून आधी दोन स्प्रिंगा काढून बशीत ठेवायच्या, मग त्या स्विचमध्ये बसवायच्या. काम झाल्यावर बशीत एखादी उरली, तर राहिलं काय ते तिथल्या तिथे दिसतं. खोक्यात शेकडो स्प्रिंगा असतात. त्यातली एक कमी उचलली याची खूण कुठेच राहत नाही. बशीने ती खूण ठेवली. लक्षात ठेवण्याचा भार डोक्यावरून उतरून चिनीमातीवर गेला म्हणा ना!

‘पोका-योके’ म्हणतात ते हेच. पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या कारखान्यांत, शॉप फ्लोअरवर, हा शब्द आता ‘शिफ्ट’ आणि ‘रिजेक्शन’इतकाच रुळलाय. शिंगोंनी आधी मात्र ‘बाका-योके’ असं नाव दिलं होतं. जपानीत ‘योके’ म्हणजे टाळणं आणि ‘बाका’ म्हणजे मूर्ख. १९६३ मध्ये अराकावा या मोटारींचे सांगाडे बनवणाऱ्या कारखान्यात अशीच एक युक्ती बसवली, तेव्हा नाव ऐकून एक कामगार बाई रडायला लागली. मी काय इतकी मूर्ख आहे का, असं तिचं म्हणणं. शिंगोंनी नाव बदललं. ‘पोका’ म्हणजे नकळत झालेली चूक. मला त्या बशीपेक्षाही हा नावातला बदल मोठा वाटतो, कारण नजरचूक शहाण्यांकडूनही होते हे त्यात मान्य केलंय.

अगदी निवडक, प्रशिक्षित माणसांकडूनही होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ बॉम्बफेकी विमानांचे वैमानिक सुखरूप उतरल्यावर पंखांचे फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या हलत्या फळ्या, मिटवायला जायचे आणि चाकंच आत घ्यायचे. विमान धावपट्टीवर पोटावर बसायचं. ‘वैमानिकाची चूक’ अशी नोंद व्हायची. अल्फॉन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट बघितलं, तर फ्लॅपचा आणि चाकांचा खटका शेजारीशेजारी, दिसायला आणि हाताला सारखाच. त्याने सुचवलेला उपाय स्वस्त होता: चाकांच्या खटक्याला चाकासारखी गोल रबरी मूठ, फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखी. आजच्या प्रवासी विमानातही चाकांच्या खटक्याची मूठ चाकाच्याच आकाराची असते.

हे झालं डोक्याचं. शरीराचं गणित आणखी रोखठोक. हात खांद्याच्या वर धरून बोल्ट आवळत राहा. दोन-चार मिनिटांत दंड भरून येतात. स्नायू सतत ताणलेला राहिला की त्याच्या आतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. नेमका जास्त ऑक्सिजन हवा तेव्हाच रक्त कमी पोचतं. हात थरथरतो, बोल्ट तिरका धरतो, शेवटचा अर्धा आटा राहून जातो. शिवाय जोडणीची लाइन पुढे सरकत असते ती वेगळीच.

याचा हिशेब योर्गेन एकलुंड या स्वीडिश संशोधकाने मांडला. मोटारजोडणीच्या एका कारखान्यावरचा त्याचा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. जी कामं शरीराला अवघड होती, त्यांच्यात दर्जाचे दोष इतर कामांच्या तिप्पट निघाले. आपल्याकडे मात्र पाठदुखी सेफ्टी ऑफिसरच्या वहीत जाते आणि रिजेक्शन क्वालिटी विभागाच्या, आणि दोन्ही वह्या शेजारी ठेवून कुणी वाचत नाही. भिंतीवर ‘दर्जा हाच आमचा धर्म’ अशी पाटी असते, तिच्याच खाली कमरेत वाकून माणूस आठ तास वायर खोचत असतो.

हा माणूस का वाकतो? बहुतेकदा त्याचं उत्तर ड्रॉइंगमध्ये असतं. संगणकावर बोल्ट कुठेही बसतो. पाना धरलेली मूठ तिथे शिरेल का, हे स्क्रीन आपणहून सांगत नाही. नव्या वस्तूचा पहिला नमुना तयार होतो तेव्हा जोडणीवरच्या दोन जुन्या हातांना बोलावलं, तर ही खोट दुपारपर्यंत सापडते आणि ड्रॉइंगमधली एक रेघ हलवून मिटते. साचे आणि जिग (जोडताना भाग जागेवर धरणाऱ्या चौकटी) बनल्यावर तीच रेघ हलवणं महागात पडतं. मग बोल्ट तसाच राहतो आणि वाकायला माणूस ठेवला जातो.

टेबलाची उंचीही अशीच. सरासरी काढून भागत नाही. हात पुरायला हवा तिथे बुटक्या माणसाचं माप घ्यावं लागतं, डोकं आपटू नये तिथे उंच माणसाचं. शिवाय एकाच माणसालाही कामागणिक वेगळी उंची लागते. बारीक नजरेचं काम कोपराच्या थोडं वर हवं, हलकं काम कोपराखाली १० ते १५ सेंटिमीटर, आणि ज्यात अंगाचा जोर लावायचा ते त्याहूनही खाली.

स्वयंपाकघरातला ओटा बघा. भाजी चिरायला तो बरा असतो. त्याच ओट्यावर परात ठेवून कणीक मळताना आई चवड्यांवर उभी राहते, खांदे वर चढवते. आजी परात जमिनीवर घेऊन बसायची आणि सगळा भार मनगटांवर टाकायची. आमच्या घरी अजूनही पुरणपोळीची कणीक तिंबायची असली, की परात खाली येते.