रूपबदलाचा विनोदी चित्रपट

मंत्र, शाप, वर, ताईत किंवा एखादी भारलेली वस्तू यांमुळे माणसाचे शरीर पालटते आणि त्यातून उडणारी धांदल हाच ज्याचा विषय असतो, तो रूपबदलाचा विनोदी चित्रपट. यात माणसाचा प्राणी होतो, म्हातारा तरणा होतो, पुरुषाची बाई होते, दोघांची शरीरे आपसात बदलतात, नाहीतर एखाद्याचा जीव बाहुल्यात जाऊन बसतो. वेषांतराच्या चित्रपटाहून हा प्रकार वेगळा धरावा. वेषांतर करणारा मनात आले की खोटी मिशी काढून ठेवतो. रूप पालटलेल्याला ती सोय नसते.

यातला विनोद शब्दांपेक्षा अंगाचा असतो. धडपडणे, आपटणे, नको तिथे अडकणे, एकाला मारायला जाऊन दुसऱ्याला लागणे. या शैलीला 'स्लॅपस्टिक' म्हणतात ते एका काठीवरून. जुन्या इटालियन प्रहसनांत नट दोन पातळ फळ्या जोडलेली काठी वापरत. फटका हलका बसे, आवाज मात्र मोठा होई. रूपबदलाच्या कथेत ही धडपड फुकटची राहत नाही, तिला कारण मिळते. देह नवा असतो आणि सवयी जुन्या. बोकड झालेला कारकून पुढचा खूर कानाशी नेऊन पेन शोधतो, हा दाखला पुरे. प्रेक्षक हसतो तो बोकडाला नव्हे, बोकडात शिल्लक राहिलेल्या कारकुनाला. ज्या चित्रपटात ही शिल्लक जपली जात नाही, तिथे केवळ रंगभूषा उरते.

कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. शंकराचार्यांनी अमरू राजाच्या मृत देहात केलेला परकायाप्रवेश, शिळा झालेली अहल्या, विष्णूने घेतलेले मोहिनीरूप या कथा कीर्तनांतून आणि पुराणांतून घरोघर पोचल्या. दारोदार फिरणारा बहुरूपी आज पोलीस, उद्या साधू होऊन येई. बडोद्याच्या मराठी माणसाला याच्या जोडीला भवाई हे गुजराती लोकनाट्य मिळाले. भवाईतल्या प्रत्येक नाट्यप्रसंगाला 'वेश' असेच म्हणतात, आणि त्यातला रंगलो हा विनोदी गडी आपल्या सोंगाड्याचा सख्खा भाऊ शोभेल असा आहे. घरात मराठी आणि बाजारात गुजराती बोलणाऱ्या रावपुरा, दांडिया बाजारासारख्या वस्त्यांत 'सोंग' आणि 'वेश' हे दोन्ही शब्द एकाच गोष्टीसाठी तोंडात यावेत, यात नवल नाही.

या प्रकाराच्या भारतीय इतिहासात बडोद्याचे नाव आदराने घ्यावे लागते, ते दादासाहेब फाळके यांच्यामुळे. सयाजीराव तिसरे यांच्या आश्रयाने १८९० मध्ये तिथे कलाभवन सुरू झाले. त्रिभुवनदास गज्जर हे त्याचे पहिले प्रमुख. आज ही संस्था महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेच्या रूपाने चालू आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून आलेले फाळके इथे चित्रकला, प्रतिकृती घडवणे आणि छायाचित्रण शिकले. १८९२ च्या अहमदाबाद औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी केलेल्या आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीला सुवर्णपदक मिळाले. पुढे गोध्र्यात त्यांनी छायाचित्रांचा धंदा मांडला; तिथे प्लेगने त्यांची पहिली पत्नी आणि मूल नेले.

बडोद्याला परतून त्यांनी पुन्हा कॅमेरा उभा केला, पण कॅमेरा अंगातली शक्ती शोषून घेतो आणि माणूस लवकर मरतो, असा समज शहरात पसरला होता. धंदा बसला. कॅमेऱ्यासमोर उभे राहिले की देहाला काहीतरी होते, ही भीती ज्या गावात होती, त्याच गावात कॅमेऱ्यापुढच्या देहाचे वाटेल ते करून दाखवणारा माणूस घडत होता. पोटासाठी फाळके नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवू लागले. त्याच सुमारास दौऱ्यावर आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून ते जादूचे प्रयोग शिकले, आणि १९०१ च्या अखेरीपासून 'प्रोफेसर केळफा' या नावाने स्वतः प्रयोग करू लागले. आडनावाची अक्षरे उलटी वाचली की फाळक्यांचा केळफा होतो. पहिला रूपबदल त्यांनी आपल्या नावावरच केला.

त्यांच्या चित्रपटांतले चमत्कार सांगताना बहुतेक वेळा विलायतेहून आणलेल्या यंत्रांचा उल्लेख होतो. बडोद्यातल्या या वर्षांना तेवढाच मान मिळायला हवा. प्रेक्षकाची नजर कुठे वळवावी, काय झाकावे आणि किती वेळ झाकावे, हे कॅमेरा विकणारा शिकवत नाही. रंगमंचावरची जादू शिकवते. फ्रान्समध्येही असेच घडले होते. जॉर्ज मेलिएस हे पॅरिसमध्ये जादूचे नाट्यगृह चालवणारे जादूगार. रस्त्यावर चित्रण करताना कॅमेरा क्षणभर अडकला आणि पडद्यावर घोड्यांच्या बसची एकदम शववाहिनी झाली, असे त्यांनीच सांगून ठेवले आहे. १८९६ मध्ये त्यांनी हीच युक्ती वापरून खुर्चीवरची बाई नाहीशी केली.

युक्ती सोपी आहे, करणे कठीण. कॅमेरा घट्ट बसवायचा, नटाने जागच्या जागी थिजायचे, हँडल थांबवायचे, नटाच्या जागी दुसरा उभा करून हँडल पुन्हा फिरवायचे. मधल्या एक-दोन चौकटी कापून जोड दिला की बदल पापणी लवावी तसा होतो. तेवढ्या वेळात सूर्य ढगाआड गेला, झाड हलले किंवा शेजारच्या नटाने हात खाली घेतला, तर सगळे फुकट. दुसरी रीत दुहेरी चित्रणाची. तीच फिल्म मागे घेऊन काळ्या पडद्यापुढे पुन्हा चित्रण करायचे, म्हणजे एका आकृतीतून दुसरी उमटते. आज संगणकावर एक चेहरा दुसऱ्यात सावकाश विरघळवता येतो. देखावा अप्रतिम होतो, पण विनोदाला त्याचा उपयोग कमी. विरघळताना पाहून माणूस थक्क होतो. हसू येते ते झटक्याने.

फाळक्यांचा १९१३ मधला दुसरा कथाचित्रपट 'मोहिनी भस्मासुर' हा रूपबदलावरच उभा होता. कमलाबाई, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, मोहिनी झाल्या आणि त्यांच्या आई दुर्गाबाई कामत पार्वती. बायकांच्या भूमिका बायकांनी करण्याची आपल्या पडद्यावरची ही सुरुवात. चित्रपट पौराणिक आणि भक्तिभावाचा, पण कथेचा गाभा निखळ अंगविनोदाचा आहे. ज्याच्या डोक्यावर हात ठेवेल तो भस्म होईल, असा वर मिळालेला राक्षस मोहिनीवर भुलतो, ती नाचेल तसा नाचतो, ती हात हलवेल तसे हलवतो आणि तिने स्वतःच्या डोक्यावर हात ठेवताच तोही ठेवतो. नियम आधी सांगितला, तो कुठेही मोडला नाही आणि शेवट त्याच नियमाने झाला. या प्रकारच्या पटकथेचा इतका घट्ट नमुना नंतर क्वचितच सापडतो. याच चित्रपटाबरोबर 'पिठाचे पंजे' हा छोटा विनोदी चित्रपटही दाखवला गेला.

१९१७ च्या 'लंका दहन'मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या. जादूचा तिथे संबंध नाही, तरी एका देहातून दोन माणसे काढण्याची करामत याच घराण्यातली.

बोलपट आल्यावर आवाज हा नवा अवयव मिळाला. देह बदलला तरी आवाज जुना ठेवायचा, की आवाजही पालटायचा, हा प्रत्येक दिग्दर्शकाला पडणारा प्रश्न. मराठीत त्याचे सर्वांत गाजलेले उत्तर महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'ने १९९३ मध्ये दिले. तात्या विंचू या गुंडाचा जीव मंत्राने बाहुल्यात शिरतो आणि तो बाहुला नेमका शब्दभ्रमाची आवड असलेल्या लक्ष्याच्या हाती येतो. लक्ष्मीकांत बेर्डे यांचा लक्ष्या जीव तोडून सांगतो की बाहुला स्वतःच बोलतो. ज्याचा छंदच बाहुल्याला बोलते करण्याचा, त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? तात्या विंचू दिलीप प्रभावळकर यांनी रंगवला, बाहुल्यामागचे कसब शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांचे. भीती आणि हसू एकाच दृश्यात राहू शकतात, हे या बाहुल्याने मराठी घरांतल्या लहान मुलांना कायमचे पटवले.

या प्रकारात सर्वांत अवघड असतो तो परतीचा प्रसंग. जादूगाराने वस्तू नाहीशी केली की प्रयोग अर्धाच होतो, ती परत आणावी लागते. पुष्कळ चित्रपट इथे घाई करतात. नायकाला पश्चात्ताप होतो, वीज चमकते आणि सगळे पूर्ववत. चांगला दिग्दर्शक परतीलाही नियम लावतो आणि परतलेल्या देहात थोडा मधला देह ठेवतो. तो कारकून पुन्हा माणूस होतो, कचेरीत येतो, कानावरचे पेन हाती घेतो, आणि साहेबांच्या टेबलावरचा कोरा कागद दिसताच त्याचे तोंड हलू लागते.