महायुद्धे आणि गोवा

पहिले महायुद्ध (१९१४–१८) आणि दुसरे महायुद्ध (१९३९–४५) यांच्या रणभूमी गोव्यापासून दूर होत्या. तरी विसाव्या शतकातील गोव्याचे राजकारण या दोन युद्धांना वगळून उलगडत नाही. पोर्तुगाल पहिल्या युद्धात उतरला आणि दुसऱ्यात तटस्थ राहिला. दोन्ही निर्णय लिस्बनमध्ये झाले आणि दोन्हींची किंमत गोमंतकीयांनी मोजली. त्यातही तटस्थतेची अधिक.

पाठ्यपुस्तकांतील कारणे सर्वपरिचित आहेत : पहिल्या युद्धामागे करारांनी जखडलेले दोन गट, वसाहतींची व आरमाराची चढाओढ आणि २८ जून १९१४ रोजी साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या, दुसऱ्यामागे व्हर्सायच्या तहाने चिडलेला जर्मनी, १९२९ ची मंदी, हिटलर आणि १ सप्टेंबर १९३९ ची पोलंडवरील स्वारी. पहिल्या युद्धाचा दोष कुणाकडे किती, हा वाद इतिहासकारांत अजून चालू आहे. युरोपातील दुसऱ्या युद्धाबाबत तेवढा वाद नाही. पोर्तुगालची कारणे मात्र वेगळीच होती. १९१० मध्ये राजेशाही उलथून आलेल्या प्रजासत्ताकाला युरोपात मान्यता हवी होती आणि अंगोला-मोझांबिक हातचे जाऊ द्यायचे नव्हते. या वसाहतींच्या वाटणीची बोलणी ब्रिटन व जर्मनी यांनी युद्धापूर्वी केलीही होती.

१९१४ मध्ये युद्ध पेटताच काही जर्मन व्यापारी जहाजे गोव्यातील मुरगाव बंदरात आश्रयाला आली. फेब्रुवारी १९१६ मध्ये ब्रिटनच्या विनंतीवरून पोर्तुगालने आपल्या बंदरांतील जर्मन जहाजे ताब्यात घेतली आणि ९ मार्च रोजी जर्मनीने युद्ध पुकारले. विजेत्यांच्या बाजूला असूनही पोर्तुगालच्या पदरात पडला तो मोझांबिकच्या उत्तर टोकाचा किओंगा हा लहानसा तुकडा. महागाई, कर्ज आणि ९ एप्रिल १९१८ चा लीस नदीवरचा पराभव यांनी प्रजासत्ताक खिळखिळे झाले. २८ मे १९२६ च्या लष्करी उठावात ते संपले. मराठी वाचकाने येथे थोडे थांबावे. याच प्रजासत्ताकाने गोव्यातील हिंदूंना समान नागरी हक्क दिले होते आणि त्याच मोकळिकीत गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांचे ‘भारत’ हे वृत्तपत्र निघाले. पुढे सत्तेवर आलेला हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला. १९३० च्या वसाहत कायद्याने गोमंतकीयांचे दुय्यमत्व लेखी झाले. त्याविरुद्ध गोमंतकीय पत्रकार लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी गोव्याच्या विधिमंडळात स्वयंनिर्णयाचा ठराव मांडला.

दुसऱ्या युद्धात सालाझारने दोन्ही बाजूंशी व्यवहार ठेवला. जर्मनीला टंगस्टन विकले आणि १३७३ च्या जुन्या मैत्री-कराराचा आधार घेत १९४३ मध्ये ब्रिटनला अझोर्स बेटांवर तळही दिले. मुरगावात पुन्हा जहाजे अडकून पडली : एहरेनफेल्स, ड्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स ही जर्मन, तर आन्फोरा हे इटालियन. एहरेनफेल्सवरील छुप्या ट्रान्समीटरवरून जर्मन पाणबुड्यांना ब्रिटिश जहाजांची ठिकाणे कळवली जातात, असा ब्रिटिशांचा संशय होता. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याच्या हौशी लष्करी पथकांतील स्वयंसेवक ‘फीबी’ नावाच्या बार्जवरून बंदरात शिरले. त्यांतले बहुतेक चाळिशी-पन्नाशीतले चाकरमाने आणि व्यापारी होते. खलाशांनी चारही जहाजे स्वतःच बुडवली. तटस्थ बंदरात केलेला हल्ला कबूल करणे ब्रिटनला परवडणारे नव्हते, म्हणून ही मोहीम १९७८ पर्यंत गुप्त राहिली. तटस्थतेचा हा असा भंग झाल्यावर सातच महिन्यांनी, ऑक्टोबर १९४३ मध्ये, त्याच बंदराच्या तटस्थतेवर विसंबून ‘ग्रिप्सहोल्म’ आणि ‘तेइया मारू’ या जहाजांवरील अमेरिकी व जपानी नागरिकांची अदलाबदल पार पडली.

गोव्यातील सामान्य माणसाच्या बाबतीत तटस्थता बरीचशी कागदावरचीच होती. ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर काम करणारे तारवटी, म्हणजे गोमंतकीय खलाशी, टॉर्पेडोच्या तोंडी होते. गोव्यात पिकणारे भात वर्षभर पुरत नसे, त्यामुळे ब्रह्मदेशातून येणाऱ्या तांदळाचा आधार होता. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्यावर ती वाट बंद झाली.

पहिल्या युद्धाने चार साम्राज्ये मोडली, पण विजेत्यांच्या वसाहती वाढल्या. दुसऱ्याने विजेत्यांनाही वसाहती सोडायला लावल्या. ब्रिटनने १९४७ मध्ये भारत सोडला. युद्धात न उतरल्याने न थकलेला पोर्तुगाल मात्र गोव्यात राहिला. १८ जून १९४६ रोजी मडगावात राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली, तेव्हा इंग्रज गेले की पोर्तुगीजही जातील, ही अपेक्षा रास्त होती. पण १९४९ मध्ये पोर्तुगाल नाटो या पाश्चात्त्य लष्करी गटाचा संस्थापक सदस्य झाला आणि १९५१ मध्ये त्याने वसाहतींना ‘सागरापारचे प्रांत’ असे नाव दिले. याच दशकात गोव्यातील लोहखनिजाला मोठे गिऱ्हाईक मिळाले, ते युद्धात हरलेल्या आणि पुन्हा पोलाद ओतू लागलेल्या जपानचे.

डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरले. नाटोच्या संरक्षणाची भौगोलिक हद्द गोव्यापर्यंत पोहोचत नव्हती, आणि सुरक्षा परिषदेतील भारतविरोधी ठराव सोव्हिएत नकाराधिकाराने अडला. १९ डिसेंबरला पोर्तुगीज गव्हर्नर जनरलने शरणागती पत्करली. पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते १९७४ च्या डिसेंबरात, लिस्बनमधील हुकूमशाही कोसळल्यानंतर.