गरजूंनी विणलं, मग गरजूंसाठी विणलं: ऊबदार क्रोशाची पार्श्वभूमी

हिवाळा आला की बेघर माणसांसाठी क्रोशाच्या टोप्या, मफलर, गळपट्टे विणून देणारे गट आता बऱ्याच शहरांत दिसतात. क्रोशाचं आणि दानाचं हे नातं सुरू झालं ते मात्र अगदी उलट्या बाजूने. आधी विणणारे हात उपाशी माणसांचे होते आणि विणलेलं मिरवणारे सुखवस्तू. त्या विणकामात ऊबही नव्हती; ती लेस होती.

१८४५ साली आयर्लंडच्या बटाट्यावर करपा पडला आणि पुढची काही वर्षं दुष्काळाची गेली. कॉर्कजवळ ब्लॅकरॉक इथल्या अर्सुलाइन ननांनी मुलींना क्रोशे शिकवलं. मोनाहन परगण्यातल्या क्लोन्स गावी तिथल्या धर्मगुरूंची पत्नी कॅसँड्रा हँड यांनी १८४७ मध्ये किल्डेअरहून एक शिक्षिका आणवली. लेसचे इतके प्रकार असताना क्रोशेच का, याचं उत्तर हिशेबी आहे. सुईच्या किंवा रिळांच्या लेसपेक्षा क्रोशे कितीतरी पटींनी लवकर होतं, आणि भांडवल म्हणजे एक आकड्याची सुई आणि दोरा. दुसरं कारण पुढच्या सगळ्या इतिहासाला पुरलं. क्रोशाचं काम तुकड्यांत वाटता येतं. एका घरात फक्त गुलाब विणायचे, दुसऱ्या घरात पानं, आणि ते जाळीने जोडायचे तिसरीने. आयरिश लेस अशीच झाली. विणणारीच्या घरात चूल पेटली, आणि कॉलर पॅरिस-लंडनच्या बायकांच्या गळ्यात गेली.

आपल्याकडेही हेच घडलं. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात मॅक्रे या स्कॉटिश मिशनरी दांपत्याने १८४४ च्या सुमारास गरीब बायकांना क्रोशे शिकवलं. त्यातून नरसापूरचा लेस-व्यवसाय उभा राहिला आणि २०२४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. १९७० च्या दशकाच्या शेवटी जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तिथे अभ्यास केला, तेव्हा दिवसाचे कित्येक तास विणणाऱ्या या बायका कामगार म्हणून कुठे मोजल्याच जात नव्हत्या. घरी बसून फावल्या वेळात विरंगुळा करणाऱ्या गृहिणी, अशीच त्यांची गणना होती. क्रोशाला ‘छंद’ म्हणताना हे आठवलेलं बरं.

दुसऱ्याला ऊब मिळावी म्हणून क्रोशे विणल्याचं एक ठळक उदाहरण खुद्द व्हिक्टोरिया राणीचं. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात, १९०० साली, तिने खाकी रंगाच्या बर्लिन लोकरीचे आठ मफलर स्वतः क्रोशाने विणले. चार ब्रिटिश सैनिकांना गेले आणि चार वसाहतींच्या सैनिकांना: ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांना प्रत्येकी एक. अर्थात तो सन्मान होता, पांघरूण नव्हे. ते मफलर कोणी थंडीसाठी गुंडाळले असतील असं वाटत नाही.

युद्धातली खरी थंडी भागवली ती दोन सुयांवरच्या विणकामाने. क्रिमियाच्या युद्धातल्या बालाक्लावा या ठिकाणाचं नाव (तिथली लढाई २५ ऑक्टोबर १८५४ ची) ज्या तोंडझाकू टोपीला पुढे चिकटलं, ती आपली माकडटोपी. पहिल्या महायुद्धात, १९१४ मध्ये, इंग्लंडच्या मेरी राणीने आघाडीसाठी मोज्यांच्या ३ लाख जोड्या आणि तेवढेच लोकरी कमरपट्टे करून देण्याचं आवाहन केलं. या कामात क्रोशे मागे का पडलं, हे मोजा हातात घेतला की कळतं. क्रोशाचा टाका म्हणजे जवळजवळ गाठच. बुटात तो तळव्याला रुतत राहतो. कापड जाड होतं, कमी ताणतं, आणि तेवढ्याच आकाराला लोकर जास्त खातं. लोकरीची टंचाई असताना हे परवडणारं नव्हतं. १९६२ च्या चीन युद्धात महाराष्ट्रातल्या घराघरांत जवानांसाठी स्वेटर आणि मोजे विणले गेले, तेही बहुतेक दोन सुयांवरच.

मग क्रोशे बेघरांच्या डोक्यावर कसं पोचलं? त्याला दोन गोष्टी लागल्या: स्वस्त जाड लोकर आणि चौकोन.

पहिली गोष्ट रसायनांच्या कारखान्यातून आली. ड्यूपाँ कंपनीने १९५० मध्ये ‘ऑरलॉन’ हा ॲक्रिलिक धागा बाजारात आणला. पाठोपाठ जपानच्या असाही कंपनीचा ‘कॅशमिलॉन’ आला आणि ते नाव आपल्याकडे इतकं रुळलं की कितीतरी घरांत कुठल्याही ॲक्रिलिक लोकरीला कॅशमिलॉनच म्हणायचे. पुढे लुधियानाच्या गिरण्यांनी हा धागा गावोगावच्या दुकानांत पोचवला. त्याला कसर लागत नाही, तो गरम पाण्यात आटत नाही, लवकर वाळतो, आणि मेंढीच्या लोकरीपेक्षा बराच स्वस्त पडतो. जास्त लोकर खातं हा क्रोशाचा दोष त्यामुळे निम्मा बोथट झाला.

चौकोन त्याआधीचा. मधून सुरू होऊन चार कोपऱ्यांनी वाढणारा ‘ग्रॅनी स्क्वेअर’ १८८५ साली ‘प्रेअरी फार्मर’ या अमेरिकन शेतकी नियतकालिकात छापून आला. उरलेल्या लोकरीच्या टोकांची गोधडी, असंच त्याचं रूप. क्लोन्सच्या गुलाब-पानांची युक्तीच इथे जाड लोकरीत आली. १९९१ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या वॉसॉ गावी लोकरीचं दुकान चालवणाऱ्या एव्ही रोझेन यांनी ‘वॉर्म अप अमेरिका’ सुरू केलं तेव्हा त्यांनी याच गुणावर भिस्त ठेवली. अख्खं पांघरूण विणायला सांगितलं तर बहुतेक जण अर्ध्यात सोडतात. ७ बाय ९ इंचांचा एक तुकडा मात्र कोणीही पुरा करतो. असे ४९ तुकडे, सातच्या सात ओळींत जोडले की ४९ बाय ६३ इंचांचं पांघरूण तयार. यात बिघडतं ते मापात. दहा जणींचा हात दहा प्रकारे सैल-घट्ट असतो, म्हणून टाक्यांची संख्या ठरवून देणं चुकीचं. इंच ठरवून द्यावे लागतात. ज्या गटांनी ‘तीस टाके घाला’ असं सांगितलं, त्यांच्याकडे ६ ते ९ इंचांपर्यंतचे सगळे तुकडे येऊन पडतात आणि जोडणारीच्या नशिबी कडेला भरीच्या ओळी घालत बसणं येतं.

भारतात अशा सामूहिक कामाचा गाजावाजा झाला तो २०१६ मध्ये, आणि तोही थंडी नसलेल्या चेन्नईत. ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाने ३१ जानेवारीला ११,१४८.५ चौरस मीटरचं क्रोशे-पांघरूण मांडून गिनेस विक्रम केला. विक्रमानंतर ते सुटं करून गरजूंना वाटायचं ठरलेलं होतं. विक्रमापेक्षा हे सुटं करणं जास्त महत्त्वाचं. ते शक्य झालं त्याचं कारण पुन्हा चौकोनच.

आपल्याकडचा बेघरांचा प्रश्न या सगळ्याला समांतर चालला होता. २०११ च्या जनगणनेत देशभर १७.७ लाख माणसं बेघर मोजली गेली, त्यातली ९.३८ लाख शहरांत, आणि महाराष्ट्रात एकूण २ लाखांहून जास्त. त्याआधी, डिसेंबर २००९ च्या थंडीत दिल्लीत पुसा रोडजवळचा एक रात्रनिवारा पाडला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि जानेवारी २०१० पासून निवाऱ्यांबाबत आदेशांची मालिका सुरू झाली. मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे किमान एक निवारा, हे प्रमाण त्यातूनच रुजलं. अंशु गुप्ता यांनी १९९९ मध्ये दिल्लीत कपडे गोळा करून गरजूंना देणारी ‘गूंज’ ही संस्था सुरू केली ती ६७ कपड्यांनिशी. माणूस थंडीने मरतो असं आपण म्हणतो, पण मरतो तो अंगावर कपडा नसल्यामुळे, हा त्यांचा मुद्दा होता. दान देणाऱ्याच्या सोयीपेक्षा घेणाऱ्याची गरज पाहायची, ही शिस्त क्रोशे विणणाऱ्या गटांनी इथूनच उचलावी.

कारण विणणाऱ्याला जे विणायला आवडतं ते बऱ्याचदा नेमकं निरुपयोगी असतं. जाळीदार नक्षीचा पांढरा मफलर फोटोत छान दिसतो; फुटपाथवर त्यातून वारा आरपार जातो आणि चार दिवसांत तो मळतो. गडद रंग घ्यावेत: नेव्ही, करडा, मरून, काळा. झालरीचे गोंडे नकोत, ते अडकतात. लांब मफलर गळ्याशी ओढला जाण्याची भीती असते, म्हणून डोक्यातून घालायचा १० इंच उंचीचा, २४ इंच घेराचा बंद गळपट्टा सरस. त्याला लोकरही मफलरच्या निम्मीच लागते. मफलर साधारण २०० ग्रॅम खातो.

टोपीचं गणित वेगळं समजून घ्यावं, कारण पहिल्याच टोपीत बहुतेकांचं इथे फसतं. गोल माथा सपाट राहायला दर फेरीत ठरावीक टाके वाढवावे लागतात, आणि ती संख्या टाक्याच्या उंचीवर ठरते. फेरी जितकी उंच तितका घेर जास्त वाढतो. म्हणून सगळ्यांत ठेंगण्या सिंगल क्रोशेत दर फेरीला ६, त्याहून उंच हाफ डबलमध्ये ८ आणि सर्वांत उंच खांबात (डबल क्रोशेत) १२. खांबाला सहाच वाढवले तर माथ्याची वाटी होते. सिंगलला बारा वाढवले तर झालर. मध्यम जाडीची लोकर, ५ मिलिमीटरची सुई आणि इंचाला ३ खांब असं माप बसत असेल तर १२, २४, ३६, ४८, ६० अशा पाच फेऱ्यांत २० इंचांचा घेर मिळतो. मोठ्या माणसाचं डोकं २२ इंचांच्या आसपास असतं, पण टोपी दोन इंच कमीच हवी; ती ताणूनच बसते. पुढे न वाढवता, टोपी सपाट ठेवल्यावर उंची साडेआठ-नऊ इंच होईपर्यंत विणत जायचं. कान झाकले गेले नाहीत तर बाकी सगळं व्यर्थ. वाऱ्यासाठी खांबापेक्षा हाफ डबल बरा: ८ च्या हिशेबाने ८ फेऱ्यांत ६४ टाके. वेळ थोडा जास्त जातो, पण वीण दाट येते. एका टोपीला ८० ते १०० ग्रॅम लोकर धरावी. सुईवरचा नंबर कंपनीगणिक बदलतो, त्यामुळे मिलिमीटर पाहावेत. आणि नमुना ब्रिटिश आहे की अमेरिकन हे आधी तपासावं: ब्रिटिशांचा ‘डबल’ म्हणजे अमेरिकनांचा ‘सिंगल’.

क्रोशाची एक जमेची बाजू अशी, की मध्येच एखादा टाका तुटला तर दोन सुयांच्या विणकामासारखी शिडी खालपर्यंत उसवत जात नाही. उसवतं ते शेवटच्या टोकाकडून. म्हणून सहा इंचांचं टोक सोडून ते तीन वेगवेगळ्या दिशांनी टाक्यांत ओवायचं. नुसती गाठ मारून कापलेलं टोक धुण्यात सुटतं.

ॲक्रिलिकचा एक धोका दानाच्या उत्साहात विसरला जातो. रस्त्यावर झोपणारी माणसं शेकोटीशी बसतात. ठिणगी पडली तर मेंढीची लोकर करपून विझते; ॲक्रिलिक पेटतं, वितळतं आणि कातडीला चिकटतं. उघड्या शेकोटीशी राहणाऱ्यांना लोकर किंवा लोकरमिश्रित धाग्याच्या वस्तू द्याव्यात, निवाऱ्यात राहणाऱ्यांना ॲक्रिलिक, अशी विभागणी योग्य. निवाऱ्यात कपडे एकत्र, गरम पाण्यात धुतले जातात. तिथे शुद्ध लोकरीची टोपी आटून बाळाच्या मापाची होते.

खालून लागणाऱ्या थंडीचा विचार त्यामानाने उशिरा झाला. पांघरूण कितीही जाड असो, फरशी अंगातली ऊब ओढून घेते. त्यावर अमेरिकेतल्या गटांनी प्लास्टिकच्या पिशव्यांच्या पट्ट्या कापून, त्यांचा धागा करून चटया विणल्या. साधारण अडीच बाय सहा फुटांच्या एका चटईला ५०० ते ७०० पिशव्या आणि १० मिलिमीटरच्या आसपासची सुई लागते. महाराष्ट्रात २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर पातळ पिशव्या इतक्या संख्येने जमवणं अवघड झालंय. तक्रार करावी अशी ही गोष्ट नाही.

कुठे द्यायचं याचाही विचार हवा. मुंबईत लोकरी टोपीचं काम फारसं नाही. तिथे चादर आणि मच्छरदाणी जास्त कामाची. नाशिककडे निफाडला पारा एक अंकी होतो, दिल्लीत जानेवारीत ४ अंशांच्या खाली जातो. वेळ सगळीकडे चुकते ती एकाच पद्धतीने. डिसेंबरात थंडी पडली की विणायला घेतात आणि जानेवारीच्या शेवटी गठ्ठा पोचतो. एका टोपीला दोन-तीन तास धरले आणि आठवड्याला दोन टोप्या झाल्या, तर दहा जणींच्या गटाला २०० टोप्यांना दहा आठवडे लागतात. नोव्हेंबरच्या मध्यावर वाटप हवं असेल तर लोकर ऑगस्टमध्ये, धो धो पावसात, घरात आलेली असली पाहिजे. आणि गेल्या वर्षी दिल्या होत्या म्हणून या वर्षी नकोत, हा हिशेबही चालत नाही. मार्चमध्ये उकडायला लागल्यावर टोपी ठेवायला त्या माणसाकडे कपाट नसतं.