एक ग्रॅम जीए, शंभर लिटर पाणी

ऑक्टोबर छाटणीनंतर नाशिककडच्या द्राक्षबागांत घड पोपटी दिसू लागले की जीएची तयारी सुरू होते. जीए म्हणजे जिबरेलिक अ‍ॅसिड. जपानमध्ये भाताची रोपं भलतीच उंच वाढून कोलमडायची. ते एका बुरशीच्या स्रावामुळे होतं, हे एइची कुरोसावा यांनी 1926 मध्ये दाखवलं. त्याच द्रव्याने आपल्याकडे घड मोकळा होतो, मणी फुगतो. पण ते लागतं इतकं थोडं की हिशोब पीपीएममध्येच होतो.

पीपीएमला बिचकू नका. 1 लिटर पाण्यात 1 मिलिग्रॅम म्हणजे 1 पीपीएम. पोपटी अवस्थेतली पहिली फवारणी 10 पीपीएमची धरली, तर 100 लिटरला 1000 मिलिग्रॅम, म्हणजे 1 ग्रॅम. 1 ग्रॅमच्या पुडीवर 90 टक्के लिहिलं असेल तर तिच्यात जीए 900 मिलिग्रॅमच आहे, आणि तुमचं द्रावण 9 पीपीएमचं झालं.

डिपिंगला, म्हणजे घड द्रावणात बुडवायला, मात्र 15 लिटरच्या बादलीत 40 पीपीएम हवं, म्हणजे 600 मिलिग्रॅम. बांधावर एवढंसं वजन कोण करणार? म्हणून आधी तीव्र द्रावण करून ठेवायचं. 1 ग्रॅम शुद्ध जीए थोड्या अ‍ॅसिटोनमध्ये पूर्ण विरघळवा (थेट पाण्यात टाकलं तर चटकन विरघळत नाही, आणि अ‍ॅसिटोनजवळ विडी-काडी अजिबात नको). मग पाणी घालून 500 मिलीच्या खुणेपर्यंत आणा. आता दर मिलीत 2 मिलिग्रॅम जीए आहे. 600 मिलिग्रॅमसाठी 300 मिली मोजा, बादलीत ओता आणि पाणी 15 लिटरच्या खुणेपर्यंत भरा. 15 लिटर पाणी मोजून त्यात 300 मिली ओतलं, तर द्रावण 15.3 लिटर होतं.

पाणी वाढवल्याने जीए वाढत नाही, घटतही नाही, फक्त पसरतं. शाळेतलं 'तीव्रता गुणिले आकारमान दोन्हीकडे सारखं' हे सूत्र एवढंच सांगतं. म्हणून मी आधी मिलिग्रॅम काढतो, पाण्याचं नंतर बघतो.

समजा, 40 पीपीएमचं 6 लिटर उरलं आणि पुढच्या ओळींना 30 पीपीएमच द्यायचं आहे. पाव भाग कमी करायचा म्हणून पाव भाग पाणी, म्हणजे दीड लिटर, घालावंसं वाटतं. पण बादलीत जीए आहे 240 मिलिग्रॅम. 30 ने भागलं की 8 लिटर. म्हणजे पाणी 2 लिटर घालायचं. दीड लिटरने द्रावण 32 वरच राहतं.